धागा, साचा आणि पाळी

सकाळी ६.००

बिशानच्या अकराव्या मजल्यावर सहाला अजून काळोख असतो. विषुववृत्त इथून दीडशे किलोमीटरच्या आत, त्यामुळे सिंगापुरात सूर्य वर्षभर सातच्या आगेमागेच उगवतो. बोईसरला आता साडेतीन वाजलेत. आई-बाबा गाढ झोपेत असतील. मी चहा ठेवते आणि कामाची वही उघडते.

वहीच्या पहिल्या पानावर तीन अक्षरं आहेत: धा, सा, पा. ती बाबांची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत विणकामाच्या एका कारखान्यात ते फोल्डिंग खात्यात होते. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेला तागा त्यांच्या टेबलावरून दिव्याच्या उजेडात सरकायचा. दोष दिसला की ते खडूने खूण करायचे आणि रजिस्टरमध्ये एक अक्षर लिहायचे. ‘धा’ म्हणजे धाग्याचा दोष, ‘सा’ म्हणजे साच्याचा. ‘पा’ म्हणजे पाळीचा. जाणाऱ्या विणकराला साच्याची कुरबूर ठाऊक होती, येणाऱ्याला ती कळली नाही, आणि पाळी बदलल्यावरच्या पहिल्या काही मीटरात कापड बिघडलं, की बाबा ‘पा’ लिहायचे. धागा चांगला, साचा दुरुस्त होण्याजोगा, दोन्ही विणकर कसबी. तरी कापड वाया.

मी व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करते, तिसरं वर्ष चालू आहे. आमच्या शास्त्रात दोन घराणी आहेत. एक घराणं माणसाचा अभ्यास करतं: त्याची उमेद, थकवा, वरिष्ठांवरचा विश्वास, नोकरी सोडण्याचा विचार. याला मायक्रो म्हणतात. दुसरं घराणं संस्थेचा अभ्यास करतं: तिचे डावपेच, रचना, नफा, स्पर्धा. ते मॅक्रो. दोघांची नियतकालिकं वेगळी, परिषदेतली दालनं वेगळी, आकडेमोडीच्या रीती वेगळ्या. एक धागा बघतं, दुसरं साचा. मला पाळीवर काम करायचं आहे.

सकाळी ७.४०

सर्कल लाइनवर बिशानपासून केंट रिज आठवं स्थानक. बिशानलाच उत्तर-दक्षिण मार्गाची गाडीही मिळते, आणि त्या मार्गाचा बोगदा इथून ब्रॅडेलकडे जातो. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी जोराच्या पावसात याच बोगद्यात पाणी शिरलं. पाणी उपसणारी यंत्रणा चालली नाही, आणि सेवा सुमारे वीस तास विस्कळीत राहिली. १९८७ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. चौकशीत निघालं की पंपांची देखभाल झाल्याच्या नोंदी सहीनिशी भरलेल्या होत्या, प्रत्यक्ष काम मात्र झालेलं नव्हतं. मेट्रो चालवणाऱ्या कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की कंपनीत कार्यसंस्कृतीचे काही खोलवर रुजलेले प्रश्न अजून शिल्लक आहेत. पुढे नियामक संस्थेने १९ लाख सिंगापूर डॉलरचा दंड केला.

अशा प्रसंगी दोन वाक्यं सगळ्यांच्या तोंडी तयार असतात. ‘माणसांनी कामचुकारपणा केला’ हे एक. ‘तिथली संस्कृतीच तशी’ हे दुसरं. पहिलं धाग्यावर बोट ठेवतं, दुसरं साच्यावर. दोन्ही वाक्यांत तथ्य असू शकतं, पण त्यांच्या मधली जागा रिकामीच राहते. सही केलेला कागद पुढे कोणाच्या टेबलावर जात होता? तो कोणी वाचत होतं का? गाड्या बंद झाल्यावर रात्री मिळणाऱ्या मोजक्या तासांत कोणतं काम आधी करायचं, हे कोण ठरवत होतं? संस्कृती आकाशातून उतरत नाही. अशाच एकेका रात्री, एकेका सहीनं ती घडते, आणि घडल्यावर पुढच्या माणसाच्या सहीला वळण लावते. केंट रिजला उतरेपर्यंत रोज हा बोगदा माझ्या डोक्यात असतो.

सकाळी ९.३०

आजच्या वर्गात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर मला एक जुना लेख मांडायचा आहे. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने तो १९५० मध्ये लिहिला. त्याने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतून दोन गोष्टी घेतल्या: परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरतेचं प्रमाण. ४८ राज्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवले, तर जिथे परदेशी जास्त तिथे निरक्षर कमी असं दिसलं. सहसंबंध उणे ०.५३. मग त्याने राज्यं बाजूला सारून एकेका माणसाचा हिशेब केला. तेव्हा चिन्ह उलटलं. परदेशात जन्मलेला माणूस निरक्षर असण्याची शक्यता थोडी जास्त होती. सहसंबंध अधिक ०.१२.

वर्गात शांतता पसरते. मी मुंबईचं उदाहरण देते. बाहेरून पोटासाठी आलेले लोक मुंबईत खूप आणि शहराची साक्षरताही मोठी. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक माणूस जास्त शिकलेला, असं म्हणायचं का? ज्या शहरात शाळा, कारखाने आणि रोजगार असतो तिथेच माणसं येतात. शहराचा आकडा हा त्या माणसाचा आकडा नसतो. अमेरिकेतही स्थलांतरित अशाच राज्यांत स्थिरावले होते, जिथले मूळ रहिवासी आधीपासून शिकलेले होते.

“मग कंपनीच्या सरासरीवरून कामगाराविषयी काहीच बोलायचं नाही?” व्हिएतनामहून आलेला एक विद्यार्थी विचारतो. बोलायचं, मी सांगते, पण आधी तपासायचं. एका तुकडीतल्या दहा जणांना ‘इथे चूक कबूल करणं सुरक्षित वाटतं का’ असं विचारलं आणि दहाही उत्तरं एकमेकांजवळ आली, तर ती भावना तुकडीची झाली. उत्तरं दहा दिशांना गेली, तर त्यांच्या सरासरीला तुकडीचं मत म्हणणं खोटं. संशोधकाने पातळी गृहीत धरायची नसते, ती सिद्ध करायची असते. डेनिस रूसो यांनी १९८५ मध्ये पातळ्यांच्या या घोटाळ्याबद्दल सविस्तर लिहिलं. २००७ मध्ये मायकेल हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही घराण्यांमध्ये पूल बांधण्याचं आवाहन केलं. आवाहनं जुनी आहेत, काम अजून पुष्कळ उरलं आहे.

दुपारी १२.३०

उपाहारगृहात गर्दी आहे. एका टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवलेलं दिसतं. म्हणजे जागा धरलेली आहे. इथे याला ‘चोप’ म्हणतात. हा नियम कुठल्या कायद्यात नाही आणि कोणत्याही कार्यालयाने काढलेला नाही. जेवायला आलेल्या माणसांनी एकमेकांचं पाहून तो घडवला आणि आज तो साऱ्या शहराचा आहे. जेवण झाल्यावर ताट मात्र स्वतः उचलून ठेवायचं, ही सवय वरून आली. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ताट न उचलणाऱ्याला आधी लेखी ताकीद आणि मग दंड, अशी अंमलबजावणी सुरू झाली. एक रीत माणसांकडून समाजाकडे चढली, दुसरी समाजाकडून माणसाकडे उतरली. माझा सगळा विषय या एका टेबलावर मांडलेला आहे.

माझ्या दोन मार्गदर्शकांपैकी एक प्राध्यापिका मानसशास्त्रातून आलेल्या, दुसरे प्राध्यापक अर्थशास्त्रातून. आज दोघंही जेवायला सोबत आहेत. प्राध्यापक कागदाच्या पाठीमागे नेहमीची आकृती काढतात. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या १९९० च्या ग्रंथामुळे ती सर्वत्र पोचली. आकार होडीसारखा, म्हणून तिला कोलमनची होडी म्हणतात. वर डावीकडे समाजाची किंवा संस्थेची परिस्थिती. तिथून एक बाण खाली माणसाच्या मनाकडे. मनाकडून दुसरा बाण त्याच्या कृतीकडे. कृतीकडून तिसरा बाण पुन्हा वर, संस्थेला मिळालेल्या फळाकडे.

मी त्याच आकृतीवर बिशान मांडून बघते. वर डावीकडे देखभालीचे नियम आणि तपासणीची रीत. खाली डावीकडे ‘सही केली तरी कोणी बघायला येणार नाही’ असा समज. माझ्या मते तो असावा. खाली उजवीकडे काम न करता केलेली सही. वर उजवीकडे पाण्याने भरलेला बोगदा.

“तिसरा बाण सगळ्यात अवघड,” प्राध्यापिका म्हणतात. “एका माणसाने सही केली म्हणून बोगदा भरत नाही. कोणकोणाच्या कृती कशा जुळल्या, ते सांग. नुसती बेरीज करू नकोस.”

मी ते वाक्य वहीत ‘पा’ या अक्षराखाली लिहून घेते.

दुपारी २.००

टेबलावर दोन गठ्ठे आहेत, दोन्ही विणकामाचे.

पहिला अहमदाबादचा. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिलने स्वयंचलित साचे बसवले होते, तरी अपेक्षित उत्पादन निघत नव्हतं. कामाचे बारीक तुकडे करून ते वेगवेगळ्या माणसांना दिलेले होते आणि सगळेजण शेडभर विखुरलेले. राइस यांच्या सूचनेवरून, कामगारांच्याच सहभागाने, साच्यांचे गट केले गेले आणि प्रत्येक गट कामगारांच्या एका लहान तुकडीकडे सोपवला. माणसं तीच होती आणि यंत्रंही तीच. बदलली ती मधली रचना, आणि काम सुधारलं. १९५८ मध्ये राइस यांनी यावर पुस्तक लिहिलं.

दुसरा गठ्ठा माझ्या घराजवळचा. २००८ पासून निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी, जॉन रॉबर्ट्स आणि बेन आयफर्ट यांनी तारापूर आणि उंबरगावच्या १७ कापड कंपन्यांमध्ये प्रयोग केला. कंपन्या कौटुंबिक, सरासरी सुमारे २७० कामगारांच्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने काही कारखाने निवडले आणि त्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले. बाकीच्यांना फक्त एका महिन्याची पाहणी. सल्ला साधा होता: कापडातले दोष रोज नोंदवा, साचा का थांबला ते लिहा, सुताच्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावा, यंत्र बिघडायच्या आधी तेल-दुरुस्ती करा, रोज सकाळी दहा मिनिटं आकड्यांवर बोला. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगभर शिकवला गेला. बाबांचा कारखाना त्यात नव्हता. पण दोषांचं रजिस्टर म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्यातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. कंपनीचे किती कारखाने होतील हे मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावर बरंच ठरत होतं. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास टाकायची तयारी नव्हती, म्हणून भाऊ-मुलगे संपले की वाढ थांबायची. विश्वास ही एका माणसाच्या मनातली गोष्ट, आणि कंपनीचा आकार ही अर्थव्यवस्थेतली. दोन्ही घराण्यांनी एकत्र बसल्याशिवाय हा प्रश्न दिसलाच नसता.

नऊ वर्षांनी संशोधक परत गेले. जे बदल केले होते त्यातले सुमारे निम्मे सोडून दिलेले आढळले. तरीही सल्ला मिळालेले कारखाने न मिळालेल्यांच्या पुढेच होते, हे खरं. बदल का सुटले, याची जी कारणं वारंवार सांगितली गेली त्यात दोन ठळक होती: मॅनेजर नोकरी सोडून गेला, आणि मालकांना वेळ मिळाला नाही. म्हणजे जी पद्धत संस्थेची झाली असं आपण समजत होतो, ती बऱ्याच ठिकाणी एका माणसाच्या अंगावर उभी होती. तो गेला आणि तीही गेली. माझा प्रबंध इथून सुरू होतो: एका माणसाची चांगली सवय संस्थेची सवय कधी होते, आणि कधी होत नाही?

दुपारी ४.४५

ब्युओना व्हिस्टाला गाडी बदलून पश्चिमेकडे, जुरोंगला. १९६१ पासून दलदल बुजवून ही औद्योगिक वसाहत उभी राहिली.

सिंगापूरने माणूस आणि संस्था यांच्यातलं अंतर सरकारी पातळीवर अनेकदा मोजून पाहिलं आहे. १९७२ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता मंडळ स्थापन झालं. १९८२ मध्ये ‘टीमी’ नावाच्या मधमाशीचं चित्र घेऊन उत्पादकतेची मोहीम घराघरांत नेली. मधमाशी निवडली यात शहाणपण होतं. एकटी माशी पोळं बांधत नाही. १९८३ ते १९९० या काळात जपानच्या मदतीने मोठा प्रकल्प चालला. कारखान्यांत गुणवत्ता मंडळं निघाली. काम करणारी सहा-आठ माणसं आठवड्यातून थोडा वेळ एकत्र बसून आपल्याच कामातल्या अडचणी सोडवायची.

पुढे २०१५ मध्ये स्किल्सफ्यूचर ही योजना आली. पंचवीस आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येक नागरिकाच्या नावावर शिकण्यासाठी ५०० डॉलर जमा झाले. पैसे माणसाच्या हातात आले. पण शिकून परत आलेल्या माणसाला कारखान्यात तेच जुनं काम दिलं, तर शिक्षण त्याच्यापाशीच राहतं. २०२० मध्ये मालकांसाठी वेगळी तरतूद झाली, पात्र कंपनीला १०,००० डॉलरपर्यंत. आधी धाग्याला पैसे, मग साच्याला. दोन्ही हवेतच. मला विचारायचं आहे ते इतकंच की शिकून आलेली कामगार सोमवारी सकाळी कोणाशी बोलते, आणि तिचं म्हणणं ऐकायला त्या पाळीत कोणाला वेळ असतो.

संध्याकाळी ६.३०

जुरोंगमधला खाद्यपदार्थ पाकीटबंद करणारा लहान कारखाना. सातला पाळी बदलते. डोक्याला जाळी, पायात पांढरे बूट घालून मी एका कोपऱ्यात उभी राहते. बघायचं आणि लिहायचं, मधे बोलायचं नाही, असं मालकांशी ठरलेलं आहे.

दोन यंत्रं माझ्यासमोर आहेत. पहिल्यावर तामिळनाडूचा एक कामगार बाहेर पडतो आहे आणि मलेशियाहून रोज सीमा ओलांडून येणारी एक बाई कामावर येते आहे. दोघांची भाषा एक नाही. तो यंत्राच्या कडेवर बोट ठेवतो, तापलेलं आहे असं हाताने दाखवतो, दोन बोटं वर करतो. तीही दोन बोटं वर करते. म्हणजे दोन मिनिटं थांबून सुरू करायचं. मग दोघं मिळून पहिली पाच पाकिटं काढतात, दाबून बघतात. तो जातो.

दुसऱ्या यंत्रावरचा माणूस सातच्या आधीच निघून गेला. रजिस्टरमध्ये त्याने ‘सर्व ठीक’ असं लिहिलं आहे. पहिल्या यंत्राच्या रजिस्टरमध्येही ‘सर्व ठीक’ असंच लिहिलेलं आहे.

उद्या कोणी फक्त रजिस्टर घेऊन बसलं, तर दोन्ही यंत्रं सारखी दिसतील. कामगारांना फक्त प्रश्नावली दिली, तर दोघंही ‘मी जबाबदारीने काम करतो’ यावर खूण करतील, आणि ते खोटंही नसेल. दुसऱ्या माणसाला बस पकडायची होती आणि पाळी बदलण्याच्या वेळेचा पगार मिळत नाही, हे मला सुपरवायझरकडून कळलं. फरक पडला तो दोन माणसांनी एका यंत्रापाशी एकत्र घालवलेल्या चार मिनिटांत. ती मिनिटं रजिस्टरमध्ये नाहीत, ताळेबंदात नाहीत आणि प्रश्नावलीतही नाहीत. ती पाहण्यासाठी सात वाजता तिथे उभंच राहावं लागतं.

रात्री ९.३०

बोईसरला सात वाजलेत. आई देवापाशी दिवा लावून फोन उचलते, ख्यालीखुशाली विचारते आणि बाबांकडे देते.

“बाबा, पाळीचा दोष तुमच्याकडे कमी झाला होता ना एकदा? कसा केलात?”

“मी नाही केला. तेव्हा एक मॅनेजर होते, त्यांनी केला,” बाबा सांगतात. “त्यांनी ठरवलं, पाळी बदलताना दोन्ही विणकरांनी दहा मिनिटं चालू साच्यापाशी एकत्र उभं राहायचं. त्या दहा मिनिटांचा पगार दोघांनाही. माझ्या रजिस्टरमध्ये ‘पा’ दिसेनासा झाला बघ.”

“मग?”

“मग ते साहेब दुसरीकडे गेले. नवीन आले त्यांना दहा मिनिटांचा खर्च दिसला, बाकी काही दिसलं नाही. रजिस्टर राहिलं पोरी, दहा मिनिटं गेली. ‘पा’ परत आला.”

“तुम्ही सांगितलं नाही त्यांना?”

“सांगितलं की. ते म्हणाले, कामगार निष्काळजी आहेत. कामगार म्हणाले, मालक कंजूस आहे. माझ्या टेबलावर तागा येतच राहिला.”

तारापूरच्या त्या अभ्यासात नऊ वर्षांनी जे आढळलं, ते बाबांनी दोन मिनिटांत सांगितलं. त्यांच्याकडे अभ्यास नव्हता, पण रजिस्टरमध्ये तिसरं अक्षर लिहायची शिस्त होती. माणूस आणि संस्था यांच्या मधे एक तिसरी जागा आहे, आणि दोष तिथेही असू शकतो, हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं.

रात्री ११.००

आजची टिपणं साफ लिहून झाली. पहिल्या यंत्रापाशी चार मिनिटं, दुसऱ्यापाशी शून्य. उद्या पुन्हा जायचं, परवाही जायचं. अशा पुष्कळ संध्याकाळींनंतरच मला काही ठामपणे म्हणता येईल.

पण एक गोष्ट आजही ठामपणे सांगते. तुमच्या कार्यालयात, शाळेत, रुग्णालयात, सोसायटीत काही बिघडलं, तर ‘माणसंच तशी’ आणि ‘व्यवस्थाच तशी’ या दोन वाक्यांपाशी थांबू नका. एका हातातून दुसऱ्या हातात काम जातं ती वेळ शोधा आणि त्या वेळी तिथे जाऊन उभे राहा. आणि ज्या दहा मिनिटांत माणसं एकमेकांना काम समजावून देतात, त्या दहा मिनिटांचा पगार कापू नका.